फाइलच्या नावामुळे स्प्रेडशीट उघडेना, तेव्हा काय करावे

सोलापूरच्या पूर्व भागातील टॉवेलच्या एका कारखान्यात मार्चअखेरीस स्टॉकची फाइल उघडेनाशी झाली. एक्सेल सुरू होई, फाइल सापडली नसल्याचा संदेश देई आणि रिकामेच उभे राही. फाइल मात्र फोल्डरमध्ये डोळ्यांसमोर दिसत होती. संगणक दुरुस्त करणाऱ्याने सगळे ऑफिस काढून पुन्हा टाकले, त्यात अर्धा दिवस गेला आणि फाइल उघडली नाही ती नाहीच. मला बोलावल्यावर मी तिची एक प्रत थेट डी ड्राइव्हवर घेतली, तिला चार अक्षरांचे साधे नाव दिले आणि ती पहिल्या क्लिकला उघडली. फाइलमध्ये काहीच बिघडलेले नव्हते. फोल्डरात फोल्डर, त्यात पुन्हा फोल्डर असे करत तिचा पूर्ण पत्ता २३१ वर्णांचा झाला होता आणि एक्सेल २१८ वर्णांच्या पुढे जात नाही.

हा लेख अशा प्रसंगी कोणत्या क्रमाने काय तपासावे हे सांगण्यासाठी आहे. ज्यांनी हिशेबाचे काम नुकतेच वहीवरून संगणकावर आणले आहे, त्यांनाही तो समजावा अशी अपेक्षा आहे. उदाहरणे विंडोज आणि एक्सेलची आहेत, कारण आपल्याकडील बहुतेक पेढ्यांवर आणि कारखान्यांत तेच वापरले जाते. लिब्रेऑफिस हे एक्सेलसारखेच मोफत सॉफ्टवेअर जिथे वेगळे वागते तिथे तसे म्हटले आहे.

पहिली पायरी: नेमके काय होते ते लिहून घ्या

“फाइल चालत नाही” या तीन शब्दांत तीन वेगवेगळे आजार दडलेले असतात. पहिल्यात एक्सेल काहीतरी संदेश दाखवून फाइल नाकारते. दुसऱ्यात फाइल उघडते, पण पिव्हट टेबल (मोठ्या यादीचा गोषवारा) करताना, दुव्यावर क्लिक करताना किंवा मॅक्रो (ठरलेली कामे आपोआप करणारा छोटा प्रोग्राम) चालवताना अडते. तिसऱ्यात एक्सेल हँग होते किंवा काही न बोलता बंद पडते. नावाचा दोष बहुतेक वेळा पहिल्या दोन प्रकारांत सापडतो. तिसऱ्या प्रकारात नावाचा थेट हात क्वचितच असतो. असला तर तो एखाद्या मॅक्रोच्या किंवा ॲड-इनच्या (एक्सेलला वरून जोडलेल्या पूरक प्रोग्रामच्या) मार्फत असतो, कारण नाकारलेली फाइल कशी हाताळायची हे त्या मॅक्रोला कोणी शिकवलेले नसते. म्हणून संदेश आला असेल तर त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. “ओके” दाबून तो घालवण्याची घाई आपल्या सर्वांनाच असते आणि नंतर तोच संदेश कोणाला आठवत नाही.

दुसरी पायरी: मूळ फाइलला हात न लावता प्रत घ्या

फाइलवर उजवे क्लिक करून कॉपी करा, डी ड्राइव्ह उघडा आणि कोणत्याही फोल्डरमध्ये न शिरता तिथेच पेस्ट करा. संगणकाला डी ड्राइव्ह नसेल तर सी ड्राइव्हवर एक छोटा फोल्डर करा. प्रतीचे नाव एफ-टू कळ दाबून बदला आणि रोमन लिपीतील चार-पाच साधी अक्षरे ठेवा. रिकामी जागा, कंस, टिंब काही नको. नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारे एक्सटेन्शन मात्र होते तसेच राहू द्या. आता ही प्रत उघडून पाहा.

प्रत व्यवस्थित उघडली आणि मूळ फाइल अजूनही उघडत नसेल, तर दोष नावात किंवा पत्त्यात आहे. प्रतही तशीच अडत असेल तर दोष फाइलच्या आत किंवा एक्सेलमध्ये आहे. त्यासाठी मधले सगळे भाग सोडून थेट शेवटाकडचा “साधे नाव देऊनही प्रत उघडत नसेल तर” हा भाग वाचावा, हे बरे. कधीकधी कॉपी करण्याचेच काम विंडोज नाकारते. त्या वेळी फाइलचे नाव बदलण्याच्या मागे न लागता वरच्या फोल्डरांची नावे वरून खाली एकेक करून लहान करत जावे. पत्ता मर्यादेत आला की फाइल आपोआप हाती लागते.

तिसरी पायरी: नावातला नेमका दोष शोधा

सुरुवात लांबीपासून करा. विंडोजची नेहमीची मर्यादा पूर्ण पत्त्यासाठी २६० वर्णांची आहे आणि एक्सेलची त्याहून कमी, २१८ वर्णांची. त्यात ड्राइव्हचे अक्षर, सगळी फोल्डरे, मधल्या तिरक्या रेघा आणि एक्सटेन्शन हे सगळे धरले जाते. लांबी मोजण्यासाठी शिफ्ट दाबून फाइलवर उजवे क्लिक करा आणि “कॉपी ॲज पाथ” निवडा. विंडोज ११ मध्ये हा पर्याय शिफ्ट न दाबताही दिसतो. कोऱ्या शीटच्या पहिल्या सेलमध्ये तो पत्ता पेस्ट करा आणि शेजारच्या सेलमध्ये लेन हे फंक्शन वापरून त्याची लांबी काढा. कॉपी झालेल्या पत्त्याच्या दोन्ही टोकांना अवतरणचिन्हे असतात, म्हणून आलेल्या आकड्यातून दोन वजा करावेत.

मराठीत नावे देणाऱ्यांनी इथे थोडे थांबावे. “सिद्धेश्वर” हा शब्द आपल्याला चार अक्षरांचा दिसतो, पण संगणक त्यात दहा वर्ण मोजतो, कारण वेलांटी, मात्रा आणि जोडाक्षरातला हलन्त (पाय मोडण्याची खूण) हे सगळे त्याच्या दृष्टीने स्वतंत्र असतात. “यंत्रमाग” चार अक्षरांचा दिसतो आणि आठ भरतो. “सोलापूर” सात भरतो. त्यामुळे डोळ्यांना आटोपशीर दिसणारा मराठी पत्ता प्रत्यक्षात जवळजवळ दुप्पट लांब असू शकतो. लिनक्सवर हिशेब आणखी वेगळा आहे. तिथे एका नावाला २५५ बाइटची (बाइट हे साठवणुकीचे माप) मर्यादा असते आणि देवनागरीतील प्रत्येक वर्ण तीन बाइट घेतो, म्हणजे ८५ वर्णांतच नाव संपते. विंडोजवर केलेले लांबलचक मराठी नाव लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरवर कॉपी होताना अडते ते यामुळेच.

आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. वनड्राइव्ह ही मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवणीची सेवा चालू केल्यावर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ही फोल्डरे त्याच्या पोटात जातात, म्हणजे कालपर्यंत उघडणाऱ्या फाइलच्या पत्त्यात मालकाने काही न करता दोन-तीन शब्दांची भर पडते. “काल चालत होते, आज काहीच बदललेले नाही” असे कोणी छातीठोकपणे सांगितले, तर मी सर्वांत आधी हे पाहतो.

लांबी ठीक असेल तर चिन्हांकडे वळा. विंडोज नऊ चिन्हे नावात घेत नाही: \ / : * ? " < > | ही ती चिन्हे. आपल्याकडे सर्वाधिक त्रास तिरक्या रेघेचा होतो, कारण बिलाचा क्रमांक ४५/२४-२५ अशा धर्तीचा असतो आणि फाइलही त्याच नावाने ठेवावी असे कोणालाही वाटते. सेव्ह ॲजच्या चौकटीत असे नाव लिहिले की विंडोज “४५” हे फोल्डरचे नाव समजते आणि असा मार्गच नसल्याचे सांगते. तिरक्या रेघेच्या जागी आडवी रेघ द्यावी, प्रश्न मिटतो.

विंडोज स्वतःच ही चिन्हे नाकारते, मग अशा नावांच्या फायली येतात कुठून? त्या मॅक आणि लिनक्सवरून येतात. चादरीची जेकार्ड डिझाइन करणारा कलाकार मॅकवर काम करत असेल, तर तो डिझाइनच्या यादीच्या नावात प्रश्नचिन्ह निर्धास्तपणे टाकू शकतो. ती यादी झिपमध्ये बांधून आपल्याकडे आली की उघडताना चूक दाखवली जाते किंवा प्रश्नचिन्हाच्या जागी खालची रेघ येते. नावाच्या शेवटी राहिलेले टिंब किंवा रिकामी जागा हाही त्यातलाच प्रकार आहे: फाइल दिसते, पण ना उघडते, ना पुसली जाते. अशी फाइल पाठवणाऱ्याकडूनच नाव बदलून परत मागवावी, यासारखा सोपा उपाय नाही.

चौकटी कंसांची, म्हणजे [ ] यांची, गोष्ट निराळी आहे. विंडोजला ते चालतात, एक्सेलला चालत नाहीत. दुसऱ्या वर्कबुकमधला (एक्सेलच्या फाइलमधला) आकडा आणताना एक्सेल त्या वर्कबुकचे नाव चौकटी कंसात लिहिते. त्यामुळे नावातच असा कंस असेल तर नाव कुठे संपले हे त्याला कळेनासे होते. फाइल उघडते, आकडे दिसतात, पण पिव्हट टेबल करायला गेले की डेटाचा संदर्भ वैध नसल्याचा संदेश येतो. वापरणारा बिचारा डेटात चूक शोधत बसतो. ईमेलमधून किंवा ब्राउझरमधून थेट उघडलेल्या फाइलला असे कंस कधीकधी आपोआप लागतात, म्हणून फाइल आधी सेव्ह करावी आणि मगच उघडावी. हॅशच्या चिन्हाचेही असेच आहे. फाइल त्या नावाने उघडते, पण तिच्याकडे नेणारा हायपरलिंक तुटतो, कारण हॅशनंतरचा भाग एक्सेल फाइलच्या आतली जागा समजते.

काही नावे विंडोजने पूर्वापार स्वतःसाठी राखून ठेवली आहेत. रोमन लिपीतील सी-ओ-एन, पी-आर-एन, ए-यू-एक्स, एन-यू-एल, तसेच सी-ओ-एम आणि एल-पी-टी यांच्यापुढे १ ते ९ अंक लावून होणारी नावे त्यात येतात. कॉन्ट्रॅक्टरचे संक्षिप्त रूप म्हणून कोणी पहिले नाव फाइलला द्यायला जातो आणि विंडोज ते घेत नाही, तेव्हा त्याला कारण कळत नाही. हेच देवनागरीत लिहिले तर काही अडत नाही.

न दिसणारे वर्ण

हा भाग मराठीचा खास आहे आणि माझ्या मते सर्वांत फसवा. “शेतकऱ्यांची यादी” हे नाव घ्या. त्यातला आडवा रफार संगणकावर एकाहून अधिक प्रकारे लिहिला जातो. इनस्क्रिप्ट कळफलकावर ऱ साठी स्वतंत्र कळ आहे. ती वापरली तर ऱ, हलन्त आणि य असे तीन वर्ण बनतात. काही टंकलेखन साधने मात्र साधा र, हलन्त, त्यानंतर एक अदृश्य जोडणारा वर्ण आणि मग य अशी चार वर्णांची रचना करतात. जुन्या पद्धतीच्या मॅक डिस्कवर ऱ चे र आणि खालचा नुक्ता (ठिपका) असे दोन तुकडेही होतात. पडद्यावर ही तिन्ही रूपे सारखीच दिसू शकतात, विंडोजला मात्र ती तीन वेगळी नावे वाटतात. परिणामी एका फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फायली शांतपणे शेजारी बसलेल्या दिसतात, किंवा कारखान्यातल्या संगणकावरच्या फॉर्म्युल्याला दुकानातून आलेली फाइल सापडत नाही.

तपासणी सोपी आहे. दोन्ही फायलींची नावे दोन सेलमध्ये पेस्ट करा आणि लेनने मोजा. “शेतकऱ्यांची” या शब्दाची लांबी पहिल्या पद्धतीने ११ येते, अदृश्य वर्ण किंवा नुक्ता असेल तर १२. कोणता वर्ण जास्तीचा आहे ते पाहायचे असेल तर मिड फंक्शनने एकेक वर्ण वेगळा काढून त्याला युनिकोड हे फंक्शन लावा. ते एक्सेल २०१३ पासून उपलब्ध आहे. ऱ साठी २३५३ हा आकडा येतो, साध्या र साठी २३५२, नुक्त्यासाठी २३६४, अदृश्य जोडणाऱ्या वर्णासाठी ८२०५ आणि अक्षरे जुळू न देणाऱ्या तशाच अदृश्य वर्णासाठी ८२०४. १६० आला तर ती रिकामी जागा साधी नसून वेबपेजवरून चिकटून आलेली आहे. उपाय म्हणजे नाव कॉपी न करता एकाच कळफलकावर पुन्हा टाइप करणे.

मराठी नावे आणि मॅक्रो यांचेही फारसे जमत नाही. एक्सेलमध्ये मॅक्रो लिहिण्याची खिडकी देवनागरी ओळखत नाही. तिथे मराठी नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसते. फोल्डरमधल्या सगळ्या फायली एकामागून एक उघडणारा मॅक्रो त्यातले जुने डिर हे फंक्शन वापरत असेल, तर त्यालाही नावाऐवजी प्रश्नचिन्हेच मिळतात आणि तो १००४ क्रमांकाची चूक दाखवून थांबतो. मॅक्रो लिहिणाऱ्याला फाइलसिस्टमऑब्जेक्ट वापरायला सांगावे. ते देवनागरी नावे नीट हाताळते. सांगायला कोणी नसेल तर मॅक्रोच्या फोल्डरमधल्या फायलींना रोमन नावे द्यावीत. मातृभाषेचा अभिमान शीटच्या आत दाखवायला भरपूर जागा असते.

एक्सटेन्शन, जुळी नावे आणि मागे राहिलेल्या फायली

विंडोज एक्सटेन्शन लपवून ठेवते आणि त्यातून गोंधळ उद्भवतो. विंडोज ११ मध्ये फोल्डरच्या व्ह्यू मेनूतील शो या भागात “फाइल नेम एक्सटेन्शन्स” चालू करा. विंडोज १० मध्ये हीच चौकोनी खूण व्ह्यू टॅबवर आहे. एक्सटेन्शन बदलल्याने फाइलचा प्रकार बदलत नाही, हे पक्के लक्षात ठेवावे. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या) फाइलला एक्सएलएसएक्स हे शेपूट लावले तर एक्सेल ती सरळ नाकारते, कारण खरी एक्सएलएसएक्स फाइल आतून झिप असते आणि ही तशी नसते. अनेक हिशेबी सॉफ्टवेअर वेबपेजचा मजकूर एक्सएलएस नावाने बाहेर काढतात. तिथे प्रकार आणि एक्सटेन्शन जुळत नसल्याची सूचना येते. फाइल विश्वासाच्या ठिकाणाहून आली असेल तर ती उघडून सेव्ह ॲजने योग्य प्रकारात साठवावी. तारखेतील टिंबेही इथेच नडतात: “विक्री ०१.०४.२०२५” या नावाचे खरे एक्सटेन्शन चुकून पुसले गेले, तर विंडोज “२०२५” यालाच एक्सटेन्शन समजते आणि फाइल कशात उघडू असे विचारते.

एकाच नावाच्या दोन फायली वेगवेगळ्या फोल्डरांत असल्या तरी एक्सेल त्या एका वेळी उघडत नाही. अक्कलकोट रोडच्या कारखान्यात एक “स्टॉक” आणि चाटी गल्लीतल्या दुकानात दुसरा “स्टॉक” असेल, तर ताळा करायला दोन्ही उघडता येणार नाहीत. लिब्रेऑफिसला याचे काही वाटत नाही.

वीज गेल्यावर मागे राहणारी फाइल हा आणखी एक प्रकार. वर्कबुक उघडे असताना एक्सेल त्याच नावाच्या आधी ~$ ही दोन चिन्हे लावून एक छोटी लपलेली फाइल करते आणि वर्कबुक बंद झाल्यावर ती पुसून टाकते. संगणक अचानक बंद पडला की ती तशीच राहते आणि फाइल दुसरेच कोणीतरी वापरत असल्याचे सांगितले जाते. फोल्डरमधल्या सगळ्या फायली गोळा करणारा मॅक्रो तिलाही वर्कबुक समजून उघडायला जातो आणि अडखळतो. कोणाकडेही वर्कबुक उघडे नाही याची खात्री करून ही फाइल खुशाल पुसावी. लिब्रेऑफिसची अशी फाइल टिंब, तरंगरेघ आणि लॉक या शब्दाने सुरू होते.

चौथी पायरी: नाव बदलताना

मूळ फाइलचे नाव बदलण्याआधी तिच्यावर कोण अवलंबून आहे ते पाहा. दुसऱ्या वर्कबुकमधील फॉर्म्युले जुने नावच शोधत राहतील. सुरक्षित रीत अशी की अवलंबून असलेले वर्कबुक आणि मूळ फाइल दोन्ही उघडावीत, मूळ फाइल सेव्ह ॲजने नव्या नावाने साठवावी आणि मग दुसरे वर्कबुक सेव्ह करावे. फॉर्म्युल्यांतले नाव आपोआप बदलते. मूळ फाइल जुन्या नावाने उघडतच नसेल तर हे जमणार नाही. तिथे डेटा टॅबवरील एडिट लिंक्समध्ये जाऊन चेंज सोर्सने नवी फाइल दाखवावी. नव्या आवृत्तीत याचे नाव वर्कबुक लिंक्स आहे. मॅक्रोत नाव लिहून ठेवले असेल तर तेही हाताने बदलावे लागते. जुन्या नावाची प्रत पंधरा-वीस दिवस वेगळ्या फोल्डरमध्ये राहू द्यावी.

साधे नाव देऊनही प्रत उघडत नसेल तर

इथे नावाचा विषय संपतो, म्हणून थोडक्यात. कंट्रोल कळ दाबून ठेवून एक्सेल सुरू करा आणि सेफ मोडला होकार द्या. तिथे फाइल उघडली तर दोष ॲड-इनचा आहे; ती एकेक करून बंद करून पाहावीत. लिब्रेऑफिसमध्ये हीच सोय हेल्प मेनूत आहे. सेफ मोडमध्येही फाइल उघडली नाही तर एक्सेलमधील ओपनच्या चौकटीत फाइल निवडून ओपन बटणाशेजारच्या बाणावर क्लिक करा आणि “ओपन अँड रिपेअर” घ्या. एक्सेल कोणतीही फाइल न उघडता नुसते सुरू होतानाच बंद पडत असेल, तर त्याचे एक्सएलस्टार्ट हे फोल्डर पाहावे. तिथे ठेवलेली प्रत्येक फाइल एक्सेल सुरू होताना आपोआप उघडते आणि कोणीतरी चुकून तिथे सेव्ह केलेली जुनी फाइल सगळ्यांना वेठीला धरते.

त्या टॉवेलच्या कारखान्यात आम्ही शेवटी आठ थरांची फोल्डरे तीनवर आणली: वर्ष, विभाग, महिना. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि मध्ये आडव्या रेघा, जेणेकरून यादी आपोआप तारखेच्या क्रमाने लागते. “फायनल”, “फायनल नवीन” आणि “खरे फायनल” ही तीन नावे दिवाणजींनी स्वतःहून बाद केली.